वरनं कापू का खालनं?

फोटो कुठून छापून घ्यावा हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे असं मी म्हटलं, की लोक हसतात. हसोत बापडे! मोबाईलमधला फोटो बहुधा ४ास ३ या प्रमाणात निघतो आणि छपाईचा नेहमीचा कागद ६ बाय ४ इंचांचा. आडव्या फोटोची रुंदी ६ इंच धरली, की उंची होते साडेचार. अर्धा इंच माणसं जास्त!

घरबसल्या ऑनलाइन छापून मागवलं आणि आपण लक्ष घातलं नाही, तर यंत्र सहसा वरून पाव, खालून पाव इंच मुकाट्याने उडवतं. म्हणाल, पक्षपात तरी नाही. खरंय. पण त्याला माणसाचं डोकं आणि रिकामं आभाळ एकच!

करमाळ्यातला स्टुडिओवाला मात्र विचारतो, "काका, वरनं कापू का खालनं?" इथे खरी पंचाईत. कमलाभवानीच्या देवळापुढचा आमचा गोतावळा. वर उंचेपुरे जावई, खाली पुढ्यात पाय पसरून बसलेली आई. आई आता नाही. तिच्या पायांवर कात्री कशी चालवू? आणि जावई दिवाळीला येतात. बिनडोक्याचे जावई भिंतीवर टांगायची आमच्यात पद्धत नाही.

"मग कडंला पांढरी पट्टी सोडू? सगळे बसतील. जरा बारके दिसतील, एवढंच."

सोडली.

"पैसे मात्र आख्ख्या कागदाचे!" सौ. म्हणाल्या.

जावयांनी दिवाळीत फोटो निरखून पाहिला. "मी जरा बुटकाच आलोय, नाही?"