यादी आणि अमानत

बोरीवलीहून सकाळची लोकल पकडून अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा गोरेगावच्या कार्यालयांत जाणारी आमची कितीतरी मुले-मुली आज सॉफ्टवेअर लिहितात. रुग्णालये, बँका, विमा कंपन्या यांच्याकडची लोकांची माहिती त्यांच्या हाताखालून जाते. कायदा पाळला की त्यांचे कर्तव्य संपते काय, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

त्याचे कारण मुंबईच्याच इतिहासात आहे. १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले, की मुसलमानांवर हल्ले करणाऱ्यांच्या हाती दुकानांच्या याद्या आणि मतदारयाद्या होत्या. मतदारयादी लिहिणाऱ्या कारकुनाचा यात काय दोष? त्याने नेमून दिलेले काम केले होते. पण यादीला इमान नसते. ती ज्याच्या हाती पडेल त्याची होते.

त्याच न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये माहिती-संरक्षण कायद्याचा मसुदा दिला. त्यात धर्म आणि जात संवेदनशील माहितीत मोडत होती. २०२३ च्या कायद्यात असा वेगळा वर्ग उरला नाही. संमतीने घ्यायची माहिती गरजेपुरतीच घ्यावी, काम सरल्यावर ती पुसावी, हे तो सांगतो. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. पण तो माहिती बाळगणाऱ्या संस्थेला, तिथे नोकरीत कोड लिहिणाऱ्याला नव्हे.

मग धर्माची नोंदच नको म्हणावे काय? तसेही नाही. धर्मनिहाय आकडे नसते, तर २००६ चा सच्चर अहवाल आमचे मागासलेपण दाखवू शकला नसता. मात्र आकड्याला पत्ता नसतो. नाव आणि पत्ता एका ओळीत आले की घर सापडते, आणि आमच्याकडे तर नावच धर्म सांगते. म्हणून नुसता धर्माचा रकाना गाळून भागत नाही. ही ओळ कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, हे वरिष्ठांना विचारावे लागते.

असे विचारले नाही म्हणून त्या नोकराला कुणी दंड करणार नाही. इथेच अमानतीचा अर्थ सुरू होतो. सोपवणाऱ्याच्या ध्यानीमनी नसलेल्या धोक्याचा विचार सांभाळणाऱ्याने करायचा असतो. उद्या आमच्या मुलीच्या हाती दुसऱ्या कुणा समाजाची यादी येईल, तेव्हाही कसोटी हीच राहील.