हलणं आणि डळमळणं

मराठी घरातून बेल्लमपल्लीत नांदायला आलेल्या मुलीला एक तेलुगू शब्द सुरुवातीला हमखास चकवतो. तापलेलं मूल कडेवर घेऊन ती दारात उभी असते आणि शेजारची अक्का म्हणते, "आंदोळन पडकम्मा." मुलीच्या मनात येतं, मी कुठे मोर्चा काढलाय? अक्काला म्हणायचं असतं, घाबरू नकोस गं, काळजी करू नकोस. तेलुगूत आंदोळन म्हणजे मनाची घालमेल. संप, निदर्शनं यांनाही हा शब्द चालतो, पण घरात बाईच्या तोंडी येतो तो बहुतेक काळजीच्या अर्थाने. आपल्याकडे मात्र आंदोलन म्हटलं की रस्ता, घोषणा आणि बंद दुकानंच डोळ्यापुढे येतात.

शब्द एकच. एका भाषेत तो रस्त्यावर गेला, दुसरीत काळजात शिरला. आणि दोन्हीकडे मूळ अर्थ मागे पडला. मूळ अर्थ अगदी साधा आहे: झोका. संस्कृतात दोला म्हणजे झोपाळा, आंदोलन म्हणजे झोके घेणं. त्याच गोतातले आपले डोलणं, डुलणं, डोली, हिंदोळा, दोलायमान. बाळ पाळण्यात झोके घेतं तेही आंदोलनच, आणि आजी माळ ओढता ओढता डुलक्या घेते तेही त्याच घरातलं. पण बघा, डोलणं हा आनंदाचा शब्द झाला आणि दोलायमान हा बिचाऱ्या ठरवता न येणाऱ्या माणसाचा. मान डोलली तर कौतुक, मन डोललं तर टीका!

दुसरा शब्द लोलक. लोल म्हणजे हलणारा. कानातले लोंबते लोलक आपल्याला माहीत असतात. हंड्याझुंबरांना टांगलेल्या काचाही लोलकच. प्रकाशाचे सात रंग दाखवणाऱ्या तिकोनी काचेलाही आपण लोलकच म्हणतो, ती टेबलावर स्थिर ठेवलेली असली तरी. संस्कृतात मात्र या लोल शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: हावरा, आसक्त. जे मिळेल त्याच्याकडे झुकणारा. म्हणजे आपल्या पूर्वजांनी हलण्याला नाव देतानाच त्यातला दोषही नोंदवून ठेवला होता.

मग प्रश्न उरतो तो असा: मन हलणं हा नेहमीच दोष असतो का?

हा प्रश्न आपल्या बायकांचा जास्त आहे. चंचल, चपळ, अस्थिर ही विशेषणं आपल्याला न मागता मिळाली. लक्ष्मीसुद्धा चंचलाच! पुरुष दोन दिवस विचार करतो तेव्हा तो सारासार विचार असतो. बाईने दोन दिवस घेतले की, "तुझं काही एक ठरत नाही."

उत्तर शोधायला जुन्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू. गॅलिलिओने टांगलेल्या वजनाच्या झोक्यांचा अभ्यास केला आणि १६५६ मध्ये हॉलंडच्या हायगेन्सने लंबकाचं घड्याळ बनवलं. लंबकाचं वैशिष्ट्य असं की झोका थोडा लहान झाला किंवा खालचं वजन बदललं तरी एका झोक्याला लागणारा वेळ जवळपास तोच राहतो. वेळ ठरते ती लांबीवर, म्हणजे टांगलेल्या जागेपासूनच्या अंतरावर. सुमारे एक मीटर लांबीचा लंबक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला साधारण एक सेकंद घेतो. उन्हाळ्यात धातूची दांडी किंचित वाढते आणि घड्याळ मागे पडतं. तेव्हा जाणती माणसं खालची चकती जराशी वर सरकवायची.

आता यात तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली, लंबक हलतो पण त्याची खुंटी हलत नाही. खुंटी हलली तर घड्याळ बिघडतं. दुसरी, लंबक अगदी मध्यावर उभा राहिला तर आपण त्याला शांत म्हणत नाही, घड्याळ बंद पडलं म्हणतो. तिसरी गोष्ट मला सगळ्यात विचार करायला लावते. लंबक एका टोकाला पोचतो तेव्हा क्षणभर थांबतो आणि मधून जाताना त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. माणसाचंही असंच होतं. रागाच्या किंवा भक्तीच्या टोकाला गेलं की मन क्षणभर स्थिर वाटतं आणि आपण त्यालाच निश्चय समजतो. घर सोडायचे, बोलणं तोडायचे, दागिने मोडायचे निर्णय त्याच क्षणी होतात. दुसऱ्या क्षणी परतीचा झोका सुरू झालेला असतो.

आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. यजमान खाणीत होते, निवृत्त झाले, दोन वर्षांत गेले. मुलगा-सून हैदराबादला, माहेरचं घर राजुऱ्याकडे. काकूंचं महिनाभर चाललं होतं, हैदराबादला जाऊ, की माहेरी भावाजवळ राहू, की इथेच खोली भाड्याने घेऊ. सगळे म्हणू लागले, एकदाचं काय ते ठरवा. पण त्यांचं बोलणं नीट ऐकलं तर खुंटी पक्की होती. त्यांना कोणावर भार व्हायचं नव्हतं, आणि बाळंतपणाला आलेल्या सुनेला एकटीला टाकायचंही नव्हतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून मन दोन्हीकडे जात होतं. ज्या बाईला फक्त स्वतःची सोय बघायची असते तिचं पहिल्याच दिवशी ठरतं. काकू सहा महिने सुनेजवळ राहिल्या, मग इथे परत येऊन खोली घेतली. लोक म्हणाले, बघा, पुन्हा विचार बदलला. माझ्या मते विचार तोच होता.

डळमळणं वेगळं. तिथे खुंटीच नसते. शेवटचं जो बोलला त्याच्याकडे मन झुकतं, किंवा जिकडे फायदा तिकडे. लोल शब्दाचा तो दुसरा अर्थ इथे लागू पडतो.

आपल्या अनेकांतावरही डळमळण्याचा आरोप होत आला आहे. 'स्यात्' म्हणजे कदाचित, म्हणजे जैनांना काहीच नक्की सांगता येत नाही, असं. खरं तर स्यात् म्हणजे 'एका अपेक्षेने', 'या बाजूने पाहिलं तर'. त्या बाजूने जे आहे ते नक्कीच आहे. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायाच्या अखेरीस यासाठी स्वयंपाकघराजवळचीच उपमा घेतली आहे: ताक घुसळणारी गवळण. ती रवीच्या दोरीचं एक टोक ओढते तेव्हा दुसरं सैल सोडते, पण हातातून टाकत नाही. ज्या बाईने रवी फिरवली आहे तिला हे समजावून सांगावं लागत नाही. दोन्ही टोकं एकदम ओढली तर रवी जागची हलत नाही आणि एक टोक सुटलं तर सगळंच थांबतं. लोणी येतं ते या हलण्यातूनच.

संगीतातही तसंच. दरबारी कानड्यातला कोमल गंधार आंदोलित हवा. तो सरळ, स्थिर लावला तर राग दरबारी वाटतच नाही. पण ते डोलणंही स्वराच्या आपल्या जागेभोवतीच असतं.

आणि रस्त्यावरचं आंदोलन? इथल्या लोकांनी ते जवळून पाहिलं आहे. २०११ च्या सकल जनुल सम्मे या संपात सिंगरेणीचे खाणकामगारही उतरले होते, आणि २ जून २०१४ ला तेलंगण राज्य झालं. पण मला आठवतं ते १९७४ च्या मार्चमधलं रेणी गाव. गौरादेवी आणि गावातल्या बाया झाडं तोडायला आलेल्यांच्या आड उभ्या राहिल्या. चिपको आंदोलन म्हणतो आपण त्याला, आणि त्यात बायांनी केलं काय, तर जागच्या हलल्या नाहीत! झोका बसला तो बाकीच्यांच्या मनाला.

सम्यक्त्वाच्या आठ अंगांत एक अंग आहे स्थितीकरण. धर्मापासून ढळू लागलेल्याला पुन्हा स्थिर करणं. वारिषेण मुनींची कथा त्यासाठीच सांगतात. आपण या अंगाचा अर्थ पुष्कळदा उपदेश करणं असा घेतो. दोलायमान बाईला चारी बाजूंनी धरून घट्ट उभं करायला बघतो. घड्याळातली चावी तसं करत नाही. दात्यांचं चाक लंबकाला प्रत्येक झोक्यात एक इवलासा धक्का देतं, तोही तो जिकडे निघालाय तिकडेच. टिक टिक ऐकू येते ती त्याच वेळी. तेवढ्यावर लंबक दिवसेंदिवस चालतो. झोपाळ्यावरच्या पोराला आपण असंच झुलवतो, झोका परत निघाला की हलकेच हात लावतो. समोरून येणाऱ्या झोक्याला कोणी ढकलत नाही.

म्हणून एखादीचं मन हेलकावे खाताना दिसलं, तर तिला विचारावं, तुला नक्की काय सोडायचं नाहीये? उत्तर मिळालं तर तिची खुंटी शाबूत आहे, तिला वेळ द्यावा. उत्तर सापडत नसेल तर आधी ते शोधायला तिच्याजवळ बसावं. निर्णय नंतर होईल. तोवर अक्कासारखं म्हणावं, आंदोळन पडकम्मा.