डोंगरावरून दिसलेले गाव

दुरून डोंगर साजरे, असे आपण म्हणतो. डोंगरावरून गावही साजरेच दिसते, याची मात्र कोणी म्हण केलेली नाही.

गेल्या माघात वर्गातली मुले घेऊन विरारच्या जीवदानीवर गेलो होतो. हजाराहून अधिक पायऱ्या चढून वर पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. खाली आगगाडीचे रूळ, इमारतींची दाटी, पलीकडे वाड्यांचा हिरवा पट्टा आणि समुद्र. पश्चिमेस अर्नाळा, अलीकडे नालासोपारा, जिथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी बौद्ध स्तूप उकरून काढला. आणि दक्षिणेकडे, धुरकटात, वसई.

उंचीवर मास्तराला इतिहास फार सोपा वाटतो. हात लांब करून मी सांगू लागलो : १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ च्या मे महिन्यात, दोन वर्षांच्या झुंजीनंतर, चिमाजी अप्पांच्या हाताखाली आपण ती जिंकली. आवाज आपोआप चढला होता.

वाडीतल्या ख्रिस्ती घरातला एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, तेव्हा आमचं घर किल्ल्याच्या आत होतं की बाहेर?"

मुले हसली. मीही हसलो आणि पुढे निघालो. उतरताना तो सर्वांच्या मागे होता.

मराठीने 'आपण' आणि 'आम्ही' हे दोन शब्द निराळे ठेवले आहेत. 'आपण' म्हणताना समोरच्याला पोटात घ्यावे लागते. मी 'आपण' म्हणालो आणि समोरच्यालाच वगळले; त्याने निमूटपणे 'आमचं' म्हटले. व्याकरण त्याचे शुद्ध होते.

उत्तर मला ठाऊक नव्हते असे नाही. तह झाल्यावर पोर्तुगीज बायकामुलांसह गलबतांतून निघून गेले. मागे राहिली ती इथल्याच मातीतली माणसे. त्यांचा देव बदलला होता. भाषा, विहीर आणि वाडी बदलली नव्हती. त्यांच्या घराला आत-बाहेर नव्हते. दोन्हीकडच्या तोफा त्यांच्याच डोक्यावरून धडाडल्या असतील.

न्याय करायला उंची लागते, अशी आपली समजूत आहे. उंचीवरून तटबंदी दिसते, घर दिसत नाही. आणि न दिसलेल्या घराविषयी माणूस बेधडक बोलतो. ते अज्ञान असते तर क्षम्य होते. जाणून न पाहणे याला काय म्हणावे?

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्याला उत्तर दिले. तो उभा राहून "होय गुरुजी" म्हणाला आणि खाली बसला. पण त्यानंतर त्याने मला प्रश्न विचारलेला नाही. मी वाट पाहतो आहे.