तसबिरीतला उजेड

तुमच्या देवघरात तुकोबारायांची तसबीर असेल, तर एकदा नुसत्या समईच्या उजेडात ती पाहा. आमच्या खेडात पावसाळ्यात हे मुद्दाम करावं लागत नाही, वीज आपणच जाते. कपाळ, गाल उजळतात. बाकी सगळं काळोखात.

हा चेहरा पुष्कळ घरांत विष्णुपंत पागनीसांचा असतो. १९३६ साली प्रभातने ‘संत तुकाराम’ काढला, तो दामले-फत्तेलालांनी. दोघेही मुळात चित्रकलेतले. उजेड कुठे पाडायचा हे त्यांना कळत होतं. आपण नटाच्या पाया पडतो की काय, असं कुणाला खटकतं. मला नाही खटकत. दगडात विठ्ठल दिसतो, तर माणसात तुकोबा का दिसू नयेत?

मला खटकतं ते वेगळंच. तसबिरीत तुकोबा एकटे आहेत. त्याच चित्रपटात गौरीबाईंनी उभी केलेली आवली, म्हशीला आणि नवऱ्याला सारखीच दटावणारी, ती भिंतीवर आली नाही. भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जाताना तिच्या पायात काटा मोडला, तो प्रत्यक्ष विठ्ठलाने काढला, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. पण देवाने हाती धरलेला तो पाय चौकटीबाहेर, अंधारात.

तिकडे इटलीत कारावाज्जो नावाच्या चित्रकाराने १६०२च्या सुमारास संत मॅथ्यू रंगवला. भोवती गडद काळोख, आणि उजेड संताच्या उघड्या, खेडवळ पायांवर. देवळाने ते चित्र नाकारलं, संताला असले पाय शोभत नाहीत म्हणून. पुढे १९४५ साली बर्लिनमध्ये ते नष्ट झालं. नाकारणाऱ्यांना हसू नका. आपणही पाय निवडूनच वंदितो.

आता स्वतःला विचारा. आषाढीला कोकणात भातलावणी ऐन भरात असते. घरातला एक माळकरी घाट चढून पंढरीला जातो, आणि त्याच्या वाटणीचा आवा कोण लावतं? तो म्हणतो, ‘पांडुरंगाने बोलावलं.’ खरंच बोलावलं असेल. पण मागे राहिलेलीला त्याने बोलावलं नव्हतं, हे कुणी ठरवलं?

तो परत येतो तेव्हा वाडी त्याच्या पायांवर डोकं ठेवायला जमते. तीही वाकते, पदर सावरून. तिच्या बोटांच्या बेचक्यांत तेव्हा चिखल्या झालेल्या असतात.