मार्जारन्याय आणि आपल्या कोठीतील मनी



शरणागतीचे दोन प्रकार भक्तिशास्त्रात सांगितले आहेत. माकडिणीचे पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगून राहते. आई या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेते, तेव्हा पिलाने आपली पकड सांभाळावी लागते. यास मर्कटकिशोरन्याय म्हणतात. मांजरीचे पिलू मात्र स्वतः काहीच करीत नाही. आई त्याला मानेच्या कातडीस धरून अलगद उचलते, ते अंग सैल सोडून देते आणि आई नेईल तेथे जाते. यास मार्जारकिशोरन्याय म्हणतात. श्रीरामानुजाचार्यांच्या परंपरेत पुढे जे दोन संप्रदाय झाले, त्यांपैकी वेदान्तदेशिकांस मानणाऱ्या वडकलै संप्रदायाने पहिला दृष्टान्त स्वीकारला आणि पिळ्ळै लोकाचार्यांस मानणाऱ्या तेंकलै संप्रदायाने दुसरा.

हा दृष्टान्त आम्ही या देवालयाच्या सभामंडपात अनेक वेळा सांगितला आहे आणि आपणही तो प्रेमाने ऐकला आहे. परंतु जिच्यापासून हा दृष्टान्त घेतला, त्या मांजरीकडे पाहावयाचे मात्र आपणा सर्वांकडून राहून गेले. आजचे निरूपण त्याविषयी आहे.

आपल्या कोठीत बारा-तेरा वर्षे मनी नावाची मांजर होती. जुन्या सभासदांस ती ठाऊक आहे. कोठी सांभाळणाऱ्या आजींनी तिला लहानाची मोठी केली. भंडाऱ्याचा तांदूळ, डाळी आणि गूळ त्या काळी पोत्यांतून उघड्यावर असे. उंदरांपासून त्याची राखण मनीने केली. आपण ज्या पंक्तीस बसून प्रसाद घेतला, त्या पंक्तीच्या पाठीमागे हिची रात्रीची जागरणे होती. गतवर्षी आजी निवर्तल्या. पुढे कोठीत घट्ट झाकणांची पिंपे आली आणि मनीचे काम संपले. त्यानंतर सभामंडपाच्या कोपऱ्यात तिने चार-दोन वेळा घाण केली. तक्रारी आल्या. तिला शहराबाहेरील प्राणि-निवाऱ्यात पाठवावे, असा ठराव व्यवस्थापक समितीने केला. ठरावाच्या बाजूने जे हात वर झाले, त्यांत आमचाही एक हात होता. हे आम्ही मुद्दाम नमूद करीत आहोत. तो हात लपवून पुढचा एक शब्दही बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही.

दोन महिन्यांनी आम्ही त्या निवाऱ्यात गेलो. तेथील मंडळी कष्टाळू आणि प्रेमळ आहेत. त्यांस दोष देण्याजोगे काहीही नाही. परंतु मांजर हा स्थानावर जीव लावणारा प्राणी आहे. त्याचे कोपरे, त्याचे वास, त्याची उन्हाची जागा ठरलेली असते. अनोळखी मांजरांच्या गर्दीत वृद्ध मांजर खाणे सोडते. आणि मांजराने काही दिवस अन्न घेतले नाही, तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतते. निवाऱ्यात येणारी कुटुंबे पिले मागतात. मुले पिलांभोवती जमतात आणि म्हाताऱ्या जिवाच्या पिंजऱ्यावरून नजर पुढे सरकते. मनी भिंतीकडे तोंड करून बसली होती. आम्ही हाक मारली तेव्हा तिने फक्त कान हलविला.

तेथील डॉक्टरांनी जे सांगितले, ते ऐकून आम्हांस खाली पाहावे लागले. मनीची मूत्रपिंडे क्षीण झाली होती. अशा वेळी मांजर पाणी पुष्कळ पिते आणि त्यास लघवीही वारंवार होते. मागच्या पायांचे सांधे धरल्यामुळे कोठीचा उंच उंबरा ओलांडून अंगणात जाणे तिला शक्य नव्हते. आपण जिला घाण म्हटले, ते दुखणे होते. बारा वर्षांत जिने कधी मर्यादा सोडली नाही, तिने ती अचानक का सोडली, हा साधा प्रश्न समितीत एकाच्याही मनात आला नाही. आमच्याही आला नाही.

शास्त्रांत ढोंगी धार्मिकास ‘बैडालव्रतिक’ म्हटले आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात हा शब्द आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगातीरी हात उंचावून तप करणाऱ्या आणि विश्वासाने जवळ आलेल्या उंदरांना खाणाऱ्या बोक्याची कथा आहे. दुर्योधनाने ती उलूकाकरवी युधिष्ठिरास हिणविण्यासाठी सांगून पाठविली. बिचाऱ्या मांजराच्या जातीस तेव्हापासून हे दूषण चिकटले. परंतु विचार करा. मनीने उंदीर खाल्ले ते उघडपणे, आपल्या स्वभावधर्मास अनुसरून, आणि त्यात आपलाच लाभ होता. आपण मात्र एकादशी केली, भूतदयेवर प्रवचने केली, आणि काम संपताच कामकऱ्यास दाराबाहेर काढले. यांत बैडालव्रत कोणाचे?

ज्या युधिष्ठिरास ती कथा ऐकविली, त्याचेच उत्तर महाप्रस्थानिक पर्वात आहे. बंधू गेले, द्रौपदी गेली, आणि सोबत एक कुत्रा उरला. इंद्र रथ घेऊन आला, तरी आश्रितास टाकून स्वर्गी जाण्यास धर्मराज तयार झाला नाही. त्या कुत्र्याचा त्यास काही उपयोग राहिला होता काय? राखणीसाठी घर नव्हते, शिकारीसाठी वन नव्हते. वाटेत सोबत केली, एवढेच त्याचे देणे. आणि तेवढ्यासाठी धर्मराजाने स्वर्ग थांबविला.

कोणी म्हणेल, आपण तिला रस्त्यावर तर सोडले नाही. खरे आहे. पाळलेल्या जनावरास उपाशी-तहानेले राहील अशा रीतीने सोडून देणे १९६० च्या कायद्याने अपराध ठरविले आहे. त्या कायद्यासाठी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत पुष्कळ झीज सोसली. १९७६ मध्ये प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगणे हे राज्यघटनेने नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले. आपला ठराव कायद्यात बसत होता. परंतु धर्म कायद्याच्या उंबऱ्याशी थांबत नाही. तो तेथून पुढे चालू लागतो.

आता व्यवहाराचे बोलू. दहा वर्षांवरील मांजर वृद्ध समजतात. पण नीट निगा राखली तर ते पुढे पाच-सात वर्षेही समाधानाने जगते. त्यास फार काही लागत नाही. उबदार, वारा न लागणारी जागा, जवळच पाणी, सहज पाय टाकता येईल असे कमी उंचीच्या काठाचे रेतीचे तबक आणि सहा महिन्यांनी एकदा पशुवैद्याची तपासणी. पिलासारखा पडदे फाडण्याचा उद्योग ते करीत नाही. दिवसाचा बहुतेक वेळ ते झोपते.

आपल्यापैकी बहुतेक घरे शाकाहारी आहेत, आणि येथे अडचण येते. ती झाकून ठेवणे बरे नव्हे. मांजरास दूध-भात पुरत नाही. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांस दूध पचतही नाही. मांसात असणारे टॉरिन नावाचे द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. ते मिळाले नाही तर डोळे जातात आणि हृदय दुबळे होते. हृदयाविषयीची ही गोष्ट १९८७ मध्ये शास्त्रज्ञांनी निश्चित केली. म्हणून त्यास मांसान्नच हवे, आणि ते तयार डबाबंद मिळते. आमच्या घरी यावरून दोन दिवस अबोला झाला. शेवटी आमच्या सूनबाईंनी निकाल दिला : “आपले व्रत आपण पाळायचे. तिच्याकडून ते पाळून घ्यायचे म्हणजे तिचा जीव घ्यायचा.” मागील व्हरांड्यात तिचे ताट वेगळे, चमचा वेगळा, अशी सोय झाली. आमच्या सोवळ्यास काही बाधा आली नाही.

होय, मनी आता आमच्याकडे आहे. हात वर करणाऱ्याने हात पुढे करावा, एवढेच त्यात झाले. पहिले सहा दिवस ती कपाटाखालून बाहेर आली नाही. रात्री दिवे मालवल्यावर खात असे. सातव्या दिवशी आम्ही जप करीत असता ती येऊन आसनाच्या कडेला बसली.

परंतु आमचे वय शहात्तर आहे. तिच्याआधी आमचे बोलावणे आले तर? घरातील मंडळी नोकरीनिमित्त परगावी जाण्याच्या बेतात आहेत. पुन्हा तिला पिंजऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसावे लागू नये. याच भीतीने अनेक वृद्ध सभासद इच्छा असूनही असा जीव घरी आणीत नाहीत. आमची सूचना अशी : एका घराने आश्रय द्यावा आणि दुसऱ्या, तरुण घराने शब्द द्यावा, की पहिल्या घरास जमेनासे झाले तर आम्ही आहोत. त्या निवाऱ्यात अजून चार वृद्ध मांजरे आहेत. पाच आश्रयांपैकी एक झाला. पाच शब्दांपैकी एकही अद्याप आलेला नाही. मनीसाठी शब्द देणाऱ्या घराची आम्ही वाट पाहत आहोत. येत्या एकादशीस आरतीनंतर सभामंडपात त्यासाठी एक वही ठेवली जाईल.

निवाऱ्यातील मुलीने मनीला आमच्या हाती देताना एक गोष्ट शिकविली. मानगुटीस धरून उचलावे ते पिलास, आणि तेही त्याच्या आईने. मोठ्या मांजरास तसे उचलले तर त्याच्या साऱ्या देहाचा भार मानेवर पडतो आणि त्यास वेदना होतात. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि मग सावकाश आपल्या अंगाशी घ्यावे.

प्रभूने आम्हांस उचलावे, अशी प्रार्थना आपण नित्य करतो. त्याच्या दारी बारा वर्षे राबलेल्या एका जिवास आपण दोन्ही हातांनी उचलावे, एवढी बुद्धी तो आपणा सर्वांस देवो.

इति शुभं भवतु.