सारथ्य आणि सांधे

कठोपनिषदाने देहाला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे. हे रूपक आपण इतक्या वेळा ऐकतो की, लगाम खेचला म्हणजे घोडा वळणारच, असे गृहीत धरून बसतो. पण तो वळलाच नाही, तर? रायपूरच्या तात्यापाऱ्यातील एका मराठी गृहस्थांपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला.

वडिलांची अँबेसेडर मोटार त्यांनी भक्तिभावाने जपली आहे. या मोटारींचे उत्पादन २०१४ साली थांबले. वयोमानाने चक्र फिरविणे जड जाऊ लागले, म्हणून त्यांनी तिला पॉवर स्टिअरिंग बसवून घेतले. पुढे दंतेवाड्यास दंतेश्वरीच्या दर्शनाला सहकुटुंब जाण्याचे ठरले; वाटेत केशकाल घाटाची वळणे. आणि येथे चक्र दोन बोटे फिरले तरी पुढील चाके जागची हालत नव्हती!

"रॅकचा स्क्रू आवळून टाका," असे त्यांनी मिस्त्रीस फर्माविले. मिस्त्री वयाने लहान, पण जाणता. तो म्हणाला, "बाबूजी, तेलाचा दाब हाताला जोर देतो, सांध्याला घट्टपणा देत नाही. उलट हात हलका झाल्यामुळेच ढिलाई तुम्हांला उशिरा कळली." आवळण्याविषयीही त्याने बजावले. मोटार बहुतेक सरळच चालते, म्हणून दात मध्यावर अधिक झिजतात. तेथली ढिलाई काढण्यासाठी स्क्रू आवळला, तर न झिजलेल्या दातांवर, म्हणजे नेमक्या वळणावर, चक्र अडकून बसते.

आता या गृहस्थांची दुसरी व्यथा सांगितली पाहिजे. धाकट्या भावाशी घराच्या वाटणीवरून त्यांचे बोलणे तुटले होते. पंधरावा अध्याय नित्य पाठ. आज रागवायचे नाही, हा निश्चयही नित्य. तरी भाऊ समोर येताच जीभ सुटे. मग प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी निर्जळी उपवास, आणि सायंकाळपर्यंत घरात कोणाची त्यांच्याशी बोलण्याची छाती होत नसे. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, असे भगवंतांनी सहाव्या अध्यायात सांगितले आहे. ते मात्र त्यांच्या वाचनातून निसटले असावे. पाठ व्यर्थ होता असे कोणी समजू नये. निश्चयाला बळ होते. ते कृतीपर्यंत पोचण्याआधी मध्येच कोठेतरी गळत होते.

ते कोठे, हे शोधण्याची रीत त्या कारखान्यातच होती. मिस्त्रीने त्यांना आसनावर बसवून चक्र हळूहळू डावी-उजवीकडे हालवावयास सांगितले आणि स्वतः खाली निजून एकेका सांध्यावर हात ठेवीत गेला. ज्या सांध्याची एक बाजू हाले आणि दुसरी हालत नसे, तो झिजलेला. ही परीक्षा एकट्याला करता येत नाही.

घरी येऊन त्यांनी पत्नीस विचारले, "माझे कोठे चुकते?" ती माउली क्षणभर थांबून म्हणाली, "अहो, भाऊजींचे वाक्य पुरे होण्याआधीच तुमचे उत्तर सुरू होते."

टाय रॉडची दोन्ही टोके बदलली, चाकांची सरळ रेषा जुळविली, आणि मंडळी निघाली. भाऊ धमतरीस राहतो, ते वाटेवरच. गृहस्थ त्याच्या ओसरीवर जाऊन बसले. भाऊ बोलू लागला, वडिलांच्या आजारपणापासून सगळे बोलला. चहा निवून गेला. वहिनीने तो पुन्हा ऊन करून आणला, तरी थोरल्यांनी अजून तोंड उघडले नव्हते.