मजुरी दिली, ऋण फिटलं का?

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२ ते १४



या श्लोकांत भगवंत एक साखळी सांगतात. प्राणी अन्नावर जगतात, अन्न पावसातून येतं, पाऊस यज्ञातून आणि यज्ञ कर्मातून. जो या साखळीतून नुसतं घेतो आणि परत काही देत नाही, त्याला ते सरळ चोर म्हणतात. जेवणाआधी हात जोडताना आपल्या मनात देव येतो, पाऊस येतो, फार तर शेतकरी येतो. साखळीच्या टोकाला जे ‘कर्म’ आहे ते कुणाकुणाचं, हा प्रश्न मात्र राहून जातो.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण आमच्या घरचा तांदूळ सावंतवाडीजवळच्या शेतातला. शेती काका बघतात. तिथले कुणगे म्हणजे उतारावरचे पायऱ्यांसारखे लहान लहान तुकडे. मध्ये मेरा, खाली व्हाळ. नव्याच्या पौर्णिमेच्या आसपास कापणी सुरू होते. मग झोडणी, वारवणी, आणि भात पोत्यांत भरलं जातं. टेम्पो शेतात येऊ शकत नाही, तो पाणंदीच्या तोंडाशी थांबतो. मधली चारेकशे पावलं मेरेवरून, साकवावरून आणि शेवटी चढावरून. ती सगळी माणसाच्या डोक्यावरून होतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पोतं.

आता प्रश्न असा. फेरीला ३० रुपये ठरले, ते रोख दिले. यापुढे त्या माणसाचं आपल्याकडे काही देणं उरतं का?

‘नाही’ हे उत्तर अगदीच चुकीचं नाही. उलट आपल्यासारख्या भाविकांनी ते आधी नीट ऐकावं. कृतज्ञतेच्या गोड शब्दांनी दाम कमी करता येत नाही. प्रसाद दिला म्हणून मजुरीतले दहा रुपये कापता येत नाहीत. आधी दाम, मग नमस्कार.

पण दामाने वेळ आणि श्रम मोजले जातात, झीज मोजली जात नाही. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली. त्यांतल्या सतराव्या अध्यायावरच्या प्रवचनात ते सांगतात की सृष्टी, समाज आणि शरीर या तिघांना आपण रोज झिजवतो आणि ती झीज यज्ञ, दान आणि तप यांनी भरून काढायची असते. तिथे शरीर म्हणजे आपलं स्वतःचं शरीर. पोत्याच्या बाबतीत गोष्ट अवघड होते, कारण भात माझ्या घरी येतं आणि झिजते ती दुसऱ्याची मान. त्याच्या वतीने तप मी कसं करणार?

मला सुचलेलं उत्तर साधं आहे : ओझं कमी करायचं. हिशोब बघा. २० क्विंटल भात. ५० किलोची पोती भरली तर ४० फेऱ्या, १२०० रुपये. ४० किलोची भरली तर ५० फेऱ्या, १५०० रुपये. फरक ३०० रुपयांचा. २०२४-२५ चा साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता, म्हणजे एवढ्या भाताचे ४६,००० रुपये. त्यात ३०० म्हणजे शंभराला एक रुपयाही नाही. मात्र दर फेरीवरच हवा. तो किलोवर लावला तर त्याच पैशांत त्याची चाल वाढते आणि आपली दया त्याच्याच खिशातून जाते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो आहे. म्हणजे ५० किलो नियमात बसतं. पण नियमात बसणं वेगळं आणि मानेवर बसणं वेगळं. फेऱ्या वाढतील, चालेल का, असं विचारल्यावर वाहणारे काका म्हणाले, “चाळीसाचाच भरा. भात तुमचां, मान माझी असा.”

शेती बघणाऱ्या माझ्या काकांची अडचणही खरी होती. मजुरी परवडत नाही म्हणून गावात कितीतरी कुणगे पड राहिलेत, आणखी खर्च त्यांनी कुठून करायचा? त्यांचं म्हणणं मला पटलं. हा भार पिकवणाऱ्याचा नाही, खाणाऱ्याचा आहे. म्हणून ते ३०० रुपये दरवर्षी पुण्याहून जातात. याला मी दान म्हणत नाही. आम्ही खातो त्या तांदळाची ती राहिलेली किंमत आहे.

तरी ऋण फिटलं असं मला वाटत नाही, आणि ते फिटल्यासारखं वाटू नये हेच बरं. ‘फिटलं’ म्हटलं की पुढच्या वर्षी पोतं पुन्हा ५० किलोचं होतं.

आजचा संकल्प : तुमच्या घरी येणारी एक वस्तू निवडा. तांदळाची गोणी, पाण्याचा जार, गॅसचा सिलिंडर, काहीही. ती शेवटच्या जिन्यावर कोण उचलतं ते बघा. ठरलेले पैसे पूर्ण द्या. मग त्याचं ओझं थोडं कमी कसं होईल हे त्यालाच विचारा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥